'व्हेरिफाइड' यादीने माझे ४०,९४० रुपये खाल्ले

आधी रक्कम सांगून टाकतो, ४०,९४० रुपये. हसायचं त्यांनी हसून घ्या, आमची सौ. अजून टोमणे मारते त्यात तुमची भर. पण यंदा डेंग्यू सुरू झाला आणि ग्रुपवर परत तशाच याद्या फिरायला लागल्या, प्लेटलेटच्या, ब्लडच्या, वर तोच हिरवा टिक आणि 'व्हेरिफाइड', म्हणून लिहायला बसलो.

मे २०२१ चा पहिला आठवडा आठवा, कोरोनाची दुसरी लाट. बेड नाही, रेमडेसिवीरसाठी लोक मेडिकल पालथे घालतायत, वरून आपलं खान्देशातलं ऊन. आबांचं ऑक्सिजन ८९-९० च्या वर जाईना. मोबाईलवर तेव्हा काय काय येत होतं ते सगळ्यांना माहितीय, कापूर-लवंग-ओव्याची पोटली हुंगा लेव्हल वाढते, नेब्युलायझर लावला की सिलेंडरची गरज नाही, आणि अमक्या नंबरवर ऑक्सिजन मिळतोय आत्ताच कन्फर्म केलंय. पहिल्या दोघांना मी हात लावला नाही, कापराने नाकाला गार वाटतं, रक्तात ऑक्सिजन वाढत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे येईल ते फॉरवर्ड गिळणारा मी नाही हे लक्षात घ्या. पण तिसरी गोष्ट औषध नव्हती, फोन नंबर होता, आणि पाठवणारे आमचे जिभाऊ, आयुष्यभर हेडमास्तर राहिलेला माणूस.

त्या यादीची खुबी बघा. पहिला नंबर कोविड कंट्रोल रूमचा, खरा. मी लावला, उचलला, बेड नाही म्हणाले पण बोलले माणसासारखं. दुसरा ॲम्ब्युलन्सवाल्याचा, तोही खरा. तिसरा चोराचा. दोन खरे लागल्यावर तिसऱ्यावर शंका कोण घेतो, तुम्ही घेतली असती? वर लिहिलेलं 'आज दुपारी ४.१० ला व्हेरिफाइड'. कोणी केलं व्हेरिफाय? नंतर विचारत विचारत मागे गेलो तर जिभाऊंना धुळ्याच्या मावसभावाने दिलेलं, त्याला सुरतच्या कोणीतरी, आणि जो तो म्हणतो मला खात्रीच्या माणसाने पाठवलं. पुढे कितीतरी दिवस ती यादी फिरत होती आणि वेळ तीच, आज दुपारी ४.१०! व्हॉट्सॲपने २०२० च्या एप्रिलपासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलंय, त्यावर दोन बाणही दिसतात, पण आपली मंडळी कॉपी करून चिकटवतात, बाण गेले, मेसेज एकदम ताजा. ट्रूकॉलरवर नाव 'ऑक्सिजन सप्लाय' आलं, तेही लोकांनीच सेव्ह केलेलं नाव असतं, सरकारी दाखला नव्हे.

तिसऱ्या नंबरवाल्याने भाव सांगितला, हवेतून ऑक्सिजन काढणारी ५ लिटरची मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, ६२,०००. निम्मे ॲडव्हान्स, ३१,०००. मग १२ टक्के टॅक्स ७,४४०, आणि हे ऐका, पर्सनल वापरासाठी परदेशातून मागवलेल्या कॉन्सन्ट्रेटरवरचा टॅक्स २८ वरून १२ केल्याची बातमी तेव्हा नुकतीच आलेली, त्यामुळे आकडा पटला. चोर पेपर वाचतो. मग स्पेशल कुरियर २,५००. पुढे 'रिफंडेबल इन्शुरन्स' ५,००० मागितला तेव्हा मी थांबलो आणि त्याचा फोन बंद.

आता जे आजही जिवाला लागतं ते. पैसे टाकताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नाही, एका बाईचं नाव आलं. मी विचारलंही, तर म्हणे दादा कंपनीच्या खात्याचं आजचं लिमिट संपलं, अकाउंटंट मॅडमचं खातं आहे. आणि बिल! पीडीएफवर पत्ता नाशिकचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू. ०७ म्हणजे दिल्ली. माझं ठिबकचं दुकान आहे हो, २७ ने सुरू होणारे नंबर दिवसभर लिहितो, दुसऱ्याचं बिल चुकलं तर झटक्यात पकडतो, आणि हे बिल झूम करून बघितलं ते फक्त मशीनचा मॉडेल नंबर वाचायला. मागे आबांचा खोकला चालू होता, कोणाला सुचणार राज्याचा कोड.

(आबा वाचले. गावातल्या पोरांनी वेल्डिंगवाल्याकडून सिलेंडर गोळा करून भरून आणले, मग सरकारी दवाखान्यात बेड मिळाला.)

पोलीस स्टेशनला गेलो तर ठाणे अंमलदार म्हणे हे सायबरला, जिल्ह्याला जा. जिल्हाबंदी, ई-पास, सगळं करून गेलो तर साहेब बंदोबस्ताला. अर्ज ठेवून जा. पोचचा शिक्का मागितला तर माझ्याकडे असं बघितलं जसं मीच चोर. बँकेत दहा ते दोन, खिडकीतली मॅडम म्हणते पिन तुम्हीच टाकला ना, मग हा फ्रॉड नाही, तुम्ही केलेलं पेमेंट आहे. अरे, पलीकडचं खातं तुमच्याच बँकेचं, त्यात पैसे अजून असतील, होल्ड तर लावा! नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंटला शिक्का हवा, शिक्क्यावाले क्वारंटाईन. एका काकांनी तर खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "गयात ते गयात भाऊ." तुमचे गेले असते म्हणजे कळलं असतं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० नंबर तेव्हा नव्हता. आता आहे, पैसे गेले की बँकेत पळत बसू नका, पहिला फोन तिथे, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. ॲडव्हान्स मागणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर मशीन चालू करून दाखव म्हणा. आणि यादी पुढे ढकलायच्या आधी त्यातला प्रत्येक नंबर स्वतः लावा, नसेल वेळ तर ढकलू नका, पुण्य नको आणि पाप नको.

सगळ्यात जास्त राग कशाचा माहितीय? मी समाजाच्या ग्रुपवर लिहिलं की तिसरा नंबर फ्रॉड आहे, तर ॲडमिनने माझा मेसेज डिलीट केला, 'पॅनिक पसरवू नका'. यादी मात्र ठेवली. संध्याकाळी तीच यादी परत आली, खाली हात जोडलेले आणि 'गरजूंपर्यंत पोचवा'.

सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर टाकलेली माझी तक्रार अजून 'अंडर प्रोसेस' दाखवते. त्याच सुमारास कोणाला ०७ वालं, नाशिकच्या पत्त्याचं बिल आलं असेल तर खाली लिहा, एका हवालदाराने सांगितलंय की दोन-तीन तक्रारी एकत्र आल्या तर फाईल हलेल.