पाळीवरचं मासोळीचं जेवण: मेनू नाही, पण जावं असं ठिकाण

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ढिवर या मासेमार समाजातल्या बायांच्या बचत गटानं खानावळ टाकली आहे. पाटी नाही. वर टिन, खाली सारवलेली जमीन, पळसाच्या पत्रावळी. मी लाखांदूरचा, मासोळी खाण्यात हयात गेली, म्हणून हे जरा ठासून लिहितो आहे.

इथं सकाळी जाळ्यात आलं ते दुपारी पातेल्यात. आम्ही गेलो तेव्हा शिंगी आणि झिंगे (कोळंबी) होते. मरळ मागितली तर मावशी म्हणाल्या, "आज नाई जी. तलाव म्हंजे फ्रिज हाये का?" बाजूच्या टेबलावरचे साहेब यावर रुसले. मला मात्र तिथंच भरवसा वाटला, कारण हायवेवरच्या ढाब्यांवर बारा महिने 'ताजी मरळ' मिळते आणि ती कुठून येते हे देवालाच ठाऊक.

रस्सा पाट्यावर वाटलेल्या लसूण-मिरचीचा, आंबटाला अंबाडी. तेल बेताचं. सावजीसारखी तिखटाची मारामारी नाही, त्यामुळे मासोळीची स्वतःची चव लागते. चिखलाचा वास तर अजिबात नव्हता. झिंगे कोरडे परतलेले, त्यांच्यासाठी पुन्हा जाईन. भात एचएमटीचा, मोकळा आणि भरपूर. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेलं हे वाण आमच्या झाडीपट्टीत रस्स्याखाली शोभतं. लाखोळीचं वरण मात्र पाणचट होतं. थाळी १५० रुपये.

आता हे ताटात आलं कसं, ते सांगायलाच हवं, कारण ही खानावळ त्याच जोरावर उभी आहे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. बहुतेक गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि पाळीची निगा कुणाचीच राहिली नाही. गाळ साचला, काठानं बेशरम नावाचं रानटी झुडूप माजलं. पाण्यात सोडलं ते रोहू, कतला, मृगळ यांचं बीज. वजनाला ते चांगलं, पण गावच्या बारीक मासोळीला अंडी घालायला पाण्यातला झाडोराच उरला नव्हता.

या बायांनी उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट उपटली, तलावाचं सुकलेलं बूड नांगरलं आणि दुसऱ्या तलावांतून आणलेल्या गाद, देवधान, चिला या पाणवनस्पती तिथं लावल्या. गुरं शिरू नयेत म्हणून काट्यांचं कुंपण. पाणी चढलं की तोच पाण्याखालचा गोठा, पिल्लं तिथंच वाढतात. तालुक्यात ही रीत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि जुन्या जाणत्या ढिवरांनी मिळून रुजवली. पोथीतलं ज्ञान कमी, जाळं टाकणाऱ्याचं जास्त.

माझे जावईबापू मालवणकडचे. त्यांना पाळीखाली शिंपले दिसले आणि ते कालवांवर, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांवर, घसरले. खाडीत कालवाचं पिल्लू दोनेक आठवडे पाण्यात तरंगतं, मग खडकाला किंवा जुन्या कालवाच्या कवचाला चिकटतं ते कायमचं. म्हणून कालवांचे थर उभे करायचे तर रिकामी कवचंच परत पाण्यात टाकावी लागतात, असं त्यांचं म्हणणं. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमचा शिंपला चिखलातच राहते जी. त्याले दगुड नाई, मासोळी पायजे." बरोबर बोलल्या. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची पिल्लं सुरुवातीला माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, मग सुटून तळात बसतात. मोठा शिंपला दिवसभर पाणी गाळत राहतो. मासोळी गेली की तोही संपतो. जावईबापू त्यानंतर जेवणाकडे वळले, ते थेट तिसऱ्यांदा भात मागेपर्यंत.

शिंपले विकायला आहेत का, असं एका पाहुण्यानं विचारलं. नाही विकत. कैरी सोलायला पोरांना एखादं रिकामं कवच देतात, तेवढंच.

तक्रारी आहेत. आधी सांगून गेलो तरी जेवायला बराच वेळ थांबावं लागलं. लहान पोरांना भरवताना काटा सांभाळा. हात धुवायला एकच नळ आणि बायामाणसांसाठी आडोसा नीट नाही. गटानं पैसे आले की आधी हेच करावं, टिनाला रंग नंतर. मोबाईलला रेंज नाही, म्हणून स्कॅन करून पैसे देणं विसरा, रोकड न्या.

मृगाच्या पावसात मासोळी चढणीला लागली, म्हणजे अंडी घालायला उलट्या प्रवाहात निघाली, की खानावळ काही आठवडे बंद असते, तेव्हा कुणी कितीही मोठा पाहुणा असो, जाळं निघत नाही. दिवाळीनंतर गेलात तर पाणी निवळलेलं असतं आणि झिंगे बहुधा मिळतात. पाचपैकी चार तारे, पाचवा आडोसा झाल्यावर.