आठ महिने, एक सीडी आणि खानापूर रोड

मागच्या जूनमध्ये मी 'द क्रॅनबेरीज' या आयरिश बँडच्या पहिल्या अल्बमची सीडी मागवली. कुणीतरी वापरलेली, 350 रुपयांना. डबी आली ती बिजागरी तुटूनच. विकणाऱ्याला फोटो पाठवला, त्यानं हात जोडलेला इमोजी पाठवला, विषय संपला. आतली चकती मात्र धड होती. आता संक्रांत होऊन गेली तरी ती गाडीतून बाहेर निघालेली नाही, म्हणून म्हटलं लिहावं.

आता सीडी कोण घेतं, असं विचाराल. मी राहायला बेळगावच्या टिळकवाडीत आणि कामाला खानापुरात, एका पतसंस्थेत. रोजचे 26 किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. महिन्यातून दोनदा जांबोटीकडं जावं लागतं, तिकडं झाडी लागली की मोबाईलची रेंज गुल. बाबांच्या जुन्या गाडीत सीडी चालते, ब्लूटूथ नाही. एवढंच कारण.

अल्बमचं नाव लांबलचक आहे : 'एव्हरीबडी एल्स इज डुइंग इट, सो व्हाय कान्ट वी?' 1993 साली आला. बारा गाणी, सगळी मिळून 40 मिनिटं. म्हणजे तिसऱ्या रेल्वे गेटापाशी सुरू केला की खानापूर येईस्तोवर संपतो. उद्यमबागच्या गर्दीत पहिलं गाणं जातं. ते इतकं दबक्या आवाजात सुरू होतं की ट्रकांच्या हॉर्नमध्ये मला अजून नीट ऐकूच आलेलं नाही. मच्छेच्या आसपास रस्ता जरा मोकळा होतो तोवर 'ड्रीम्स' संपलेलं असतं, आणि याचं मला रोज वाईट वाटतं. देसूर मागं पडताना सातवं गाणं, 'लिंगर'. गणेबैलच्या टोलनाक्यावर काच खाली करताना बाई ओरडत असते, टोलवरचा मुलगा आत डोकावून बघतो.

ही बाई म्हणजे डोलोरेस ओ'रिऑर्डन. आयर्लंडच्या लिमरिक परगण्यातल्या खेड्यातली, लहानपणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. नोएल आणि माइक होगन हे भाऊ, एक गिटारवर, एक बेसवर, आणि ड्रमवर फर्गल लॉलर. त्यांचा आधीचा गायक सोडून गेला, तेव्हा 1990 साली ही 18 वर्षांची पोरगी आवाजाची परीक्षा द्यायला आली. नोएलनं तिला एका चालीची टेप दिली. ती घरी घेऊन गेली आणि आठवड्यानं शब्द बसवून परत आली. तेच 'लिंगर'. मुलानं फसवल्याचं साधं गाणं आहे, पण मागं व्हायोलिनं येतात तेव्हा मला गिअर बदलायचा विसर पडतो. हे गाणं आधी ब्रिटनमध्ये फारसं कुणी विचारलं नव्हतं. अमेरिकेत टीव्हीवर वाजायला लागलं, तिथं गाजलं, आणि मग घरच्यांना त्याची किंमत कळली. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला तो 1994 मध्ये, बाहेर पडल्यावर वर्षभरानं.

पण मी या अल्बमला चिकटले ते या कुठल्या गोष्टीमुळं नव्हे. मी चिकटले तिच्या हेलामुळं.

ती लिमरिकच्या हेलात गाते. लंडनचं किंवा अमेरिकेचं इंग्रजी तोंडात घोळवत नाही. 'र' जिथं घासायचा तिथं घासते, स्वर जिथं रुंद करायचा तिथं करते. पहिल्या महिन्यात मला हे जाणवलंही नव्हतं, शब्द कळत नाहीत एवढंच वाटायचं. पावसाळ्यात गाडी हळू चालवावी लागते, तेव्हा कानाला सवय झाली. आणि मग एकदम पुण्यातलं हॉस्टेल आठवलं. पहिल्याच आठवड्यात मी खिडकीतून बघून म्हणाले, "पाऊस येऊलाय." खोलीतल्या तिघी हसून गडबडा लोळल्या. पुढं वर्षभर माझं नाव 'येऊलाय' पडलं. मी तीन महिन्यांत 'येतोय' म्हणायला शिकले आणि सुट्टीत घरी आल्यावर आजीशी तसंच बोलले. आजी काही म्हणाली नाही, फक्त बघितलं. जेमतेम विशीतली ही बाई स्टुडिओत उभी राहून अख्खा अल्बम आपल्या गावच्या तोंडानं गाते, आणि मी एका 'येऊलाय'साठी घाबरले होते.

बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. एकदा त्यांना दवाखान्यात नेताना हेच लागलं होतं. "हे काय लावलीस बाई, रडूलीय काय ती?" म्हणाले. मग तिचा आवाज मधेच फुटून वर उडी घेतो ना, 'ड्रीम्स'मध्ये शेवटी तर शब्द संपून नुसते आवाजच एकावर एक चढतात, तिथं गप्प झाले. "खटका बरा घेते," एवढंच. चर्चच्या ऑर्गनचं सांगितलं तर "मग हां," म्हणाले, जणू शंका फिटली.

आता तक्रारी. मधली दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळतात. गिटारचा तोच झुळझुळता बाज, तोच दुखावलेला जीव. कुणी 'वॉल्ट्झिंग बॅक' कुठलं विचारलं तर मला आजही गुणगुणून दाखवता येणार नाही. निर्माता स्टीफन स्ट्रीट यानं आवाज सगळा धुक्यातून आल्यासारखा ठेवलाय. पावसात छान वाटतं, एप्रिलमध्ये कसं वाटेल बघायचं. आणि यांच्याच 'झॉम्बी' या गाण्यासारखा दणका हवा असेल तर तो पुढच्या अल्बमात आहे, इथं शोधू नका. इथं राग येतो तो 'हाऊ'मध्ये, तोही तीन मिनिटांच्या आत आटपतो. 'संडे' मात्र वगळू नका. आळसावून सुरू होतं, वाटतं बंद करावं, आणि मग चाल पकडतं.

डोलोरेस 2018 च्या जानेवारीत गेली, 46 व्या वर्षी. हे मला सीडी घेऊन तीन महिने झाल्यावर कळलं. त्या दिवशी येताना काही लावलं नाही.

पाचपैकी चार. घ्यायची तर चकती उजेडात तिरपी धरलेला फोटो आधी मागा, आणि गाडीत खड्ड्यांच्या रस्त्यावर वाजवणार असाल तर मनाची तयारी ठेवा. माझ्या सीडीवर दिवाळीत ओरखडा पडला, पण तो नेमका आठव्या गाण्यावर, 'वॉन्टेड'वर. ते दोन मिनिटांचंच आहे. चालतंय की.