नव्या खोक्यातला जुना ओएलईडी मॉनिटर

परवडणाऱ्या किमतीत ओएलईडी गेमिंग मॉनिटर शोधणाऱ्यांना खरेदीच्या आधी सावध करता यावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. पुण्यातील एका संगणक विक्रेत्याने मला आणि माझ्या धाकट्या भावाला २७ इंची मॉनिटर विकला. तो नवा आहे, फक्त त्याचे खोके उघडलेले आहे, असे त्याने सांगितले होते. प्रत्यक्षात तो आमच्या आधी कोणीतरी दीर्घकाळ वापरलेला होता आणि त्या वापराच्या खुणा पडद्यावर कायमच्या उमटलेल्या होत्या.

कमी किंमत दिसली की फसवणूकच असणार, असे मी म्हणणार नाही. क्यूडी-ओएलईडी, म्हणजे क्वांटम डॉट वापरणाऱ्या ओएलईडी प्रकारचा, पहिला गेमिंग मॉनिटर २०२२ मध्ये आला, तेव्हा ही खरेदी सर्वसामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. त्यानंतर सॅमसंग डिस्प्ले आणि एलजी डिस्प्ले यांनी बनवलेली पॅनेल (मॉनिटरमधले प्रत्यक्ष पडदे) अनेक कंपन्यांच्या मॉनिटरमध्ये बसू लागली आणि १४४० पी रिझोल्यूशनच्या २७ इंची मॉनिटरचे भाव खरोखरच खाली आले. या खऱ्या घसरणीमुळेच विक्रेत्याचे खोटे बोलणे पटण्यासारखे वाटते. अधिकृत दुकानांतील किमतीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी किंमत त्याने सांगितली आणि त्यासाठी दिलेले कारणही साधे होते. तो म्हणाला, "दादा, पीस एकदम नवा आहे. कस्टमवाल्यांनी सील फोडलं, म्हणून ओपन बॉक्समध्ये काढतोय. एक तासही चाललेला नाही."

दुकानात मॉनिटर चालवून दाखवला गेला, पण तो कसा दाखवला गेला हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आतल्या अंधाऱ्या खोलीत त्यावर रंगीबेरंगी आणि सतत हलणारे व्हिडिओ लावले होते. ओएलईडीचा प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो आणि काळ्या भागात पूर्ण विझतो, त्यामुळे अशा खोलीत असे व्हिडिओ कोणत्याही ओएलईडी पडद्यावर डोळे दिपवतात. जळालेल्या पिक्सेलच्या खुणा मात्र स्थिर, एकसारख्या रंगाच्या पार्श्वभूमीवर दिसतात. तशी पार्श्वभूमी त्या प्रात्यक्षिकात एकदाही आली नाही. विंडोजचा साधा डेस्कटॉप दाखवण्याची विनंती केली, तेव्हा लॅपटॉपची केबल दुसऱ्या कामात असल्याचे उत्तर मिळाले.

घरी आणल्यावर गेम उत्तम चालले. भावाने अभ्यासासाठी राखाडी पार्श्वभूमीचे एक संपादक सॉफ्टवेअर उघडले, तेव्हा पडद्याच्या तळाशी टास्कबारएवढी फिकट पट्टी दिसली. तिच्यावर चौकोनी चिन्हांच्या आकृत्या होत्या. आमचा टास्कबार पहिल्यापासून लपवलेला होता. डाव्या कोपऱ्यात वर एक वर्तुळ होते, ते निःसंशय कुठल्यातरी गेमच्या मिनीमॅपचे (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाचे) होते, आणि खाली मध्यभागी आरोग्यदर्शक पट्टीची पुसट रेघ होती. अशा मांडणीचा एकही गेम आमच्या संगणकावर नव्हता. आधीच्या मालकाच्या सवयी त्या पडद्यावर वाचता येत होत्या.

विक्रेत्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला की हे 'इमेज रिटेन्शन' आहे, मेनूतून पिक्सेल रिफ्रेश ही पडदा साफ करणारी प्रक्रिया चालवा म्हणजे जाईल. यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. एखादे चित्र बराच वेळ स्थिर राहिले तर त्याची तात्पुरती छाया उरते आणि ती रिफ्रेशने जाते. बर्न-इन ही वेगळी गोष्ट आहे. पिक्सेलमधील सेंद्रिय पदार्थ वापराबरोबर झिजतो, निळा भाग बहुधा सर्वांत आधी कमजोर होतो, आणि पडद्याचा जो भाग जास्त तास उजळ राहिला तो बाकीच्या भागापेक्षा मंद पडतो. मॉनिटर ही झीज मोजून विजेचा पुरवठा जुळवून घेतो आणि काही काळ फरक झाकला जातो. ही भरपाई करण्याची क्षमता संपली की खुणा कायम राहतात. आम्ही रिफ्रेश पूर्ण होऊ दिला, मॉनिटर रात्रभर बंद ठेवला आणि पुन्हा पाहिले. सकाळी सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या.

त्यानंतर आम्ही मॉनिटरची ओळख तपासली. प्रत्येक मॉनिटर संगणकाला स्वतःविषयीची माहिती देतो, तिला ईडीआयडी म्हणतात. तिच्यात उत्पादकाचा संकेत, मॉडेल, बहुतेक वेळा अनुक्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष असते. ती वाचणारी छोटी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ईडीआयडीतील अनुक्रमांक मागच्या स्टिकरवरील अनुक्रमांकाशी जुळला नाही, आणि उत्पादनाचे वर्ष खोक्यावर छापलेल्या वर्षाच्या आधीचे निघाले. स्टिकरची कड उचलून पाहिली, तर खाली दुसरे स्टिकर खरवडल्याच्या खुणा होत्या. कंपनीच्या सेवा केंद्राने ईडीआयडीतील अनुक्रमांक तपासला आणि तो मॉनिटर परदेशात विकला गेलेला असल्यामुळे भारतात त्याला वॉरंटी लागू नाही, असे लेखी कळवले. जुन्या दुचाकीचे किलोमीटर मागे फिरवून ती विकण्यासारखाच हा प्रकार आहे. इथे लपवले जातात ते पॅनेलने जळून काढलेले तास. ओएलईडीच्या बाबतीत हे तास म्हणजे वस्तूचे उरलेले आयुष्य असते, म्हणून ही लबाडी मला साध्या जुन्या मालाच्या विक्रीपेक्षा कितीतरी गंभीर वाटते.

दुकानात गेलो, तेव्हा 'ओपन बॉक्सला रिटर्न नसतो' एवढेच ऐकायला मिळाले. पावतीवर जीएसटी क्रमांक छापलेला होता. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकल्यावर नोंदणी रद्द झालेली असल्याचे आणि ती वेगळ्याच नावाने असल्याचे दिसले. हा शोध कोणालाही फुकट आणि मिनिटभरात घेता येतो. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीची सुरुवात २७ ने होते. पैसे देण्याआधी पावतीचा नमुना मागून हा क्रमांक दुकानाच्या पाटीवरील नावाशी पडताळावा, असे मी आता प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगतो.

खोक्याकडेही तितक्याच बारकाईने पाहावे. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे भारतात बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर आयातदाराचे लेबल नव्हतेच. मॉनिटरच्या मागे भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा क्रमांक आहे का, तेही पाहावे. तो क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये पडताळता येतो. काही कंपन्या ओएलईडीच्या तीन वर्षांच्या वॉरंटीत बर्न-इनही धरतात. असा मॉनिटर थोडा महाग असला तरी माझ्या मते तोच खरा स्वस्त. शिवाय जाहिरातीत 'क्यूएलईडी' किंवा 'मिनी एलईडी' असे शब्द दिसले, तर तो पडदा ओएलईडी नसून मागून प्रकाश देणारा एलसीडी आहे हे ओळखावे. आमची फसवणूक त्या प्रकारची नव्हती, पण त्याच बाजारात तीही चालते.

दुकानात पडदा तपासायचा असेल तर स्वतःचा लॅपटॉप आणि केबल घेऊन जावे. पूर्ण पडद्यावर मध्यम राखाडी रंग लावावा, मग लाल, हिरवा आणि निळा, आणि प्रत्येक रंगावर तळाची कड व चारही कोपरे शांतपणे न्याहाळावेत. फार गडद राखाडीवर पुसट उभे पट्टे नव्या पॅनेलवरही दिसू शकतात, तेवढ्यावरून घाबरू नये. टास्कबार, वर्तुळ, अक्षरे अशा ओळखू येणाऱ्या आकृती दिसल्या तर मात्र तो पडदा वापरलेला आहे. क्यूडी-ओएलईडी प्रकाशात पाहिल्यावर काळा रंग किंचित जांभळट दिसतो. तो त्या पॅनेलचा स्वभाव आहे, दोष नव्हे. काही मॉनिटरच्या मेनूमध्ये पॅनेलचे तास किंवा त्याची प्रकृती दिसते; ते पान दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जुनी, वापरलेली किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरवलेली आहे. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर नोटीस पाठवली. नोटीस मिळाल्यावर विक्रेत्याने रकमेचा काही भाग परत देऊ केला, पण तक्रार मागे घेतल्याचे लेखी मागितले. आम्ही नकार दिला आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो.

असे कोणाच्या बाबतीत घडले असेल तर मॉनिटरचा वापर त्याच दिवशी थांबवावा, कारण पुढचा प्रत्येक तास 'ही खूण तुमच्याच वापराची आहे' असे म्हणायला विक्रेत्याला जागा देतो. राखाडी पडद्याची छायाचित्रे, दोन्ही अनुक्रमांक, खोके, पावती, यूपीआयची नोंद आणि विक्रेत्याचे संदेश एकत्र ठेवावेत. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आमच्या तक्रारीची सुनावणी अद्याप व्हायची आहे, आणि मॉनिटर पुरावा म्हणून खोक्यात बंद करून ठेवलेला आहे.