अमेरिकी शेअर: स्वतः डॉलर पाठवायचे की इथल्या फंडातून घ्यायचे?

नागपुरात मिहानमधल्या आयटीवाल्यांपासून धरमपेठेतल्या निवृत्त मंडळींपर्यंत, अमेरिकी शेअर घ्यायचे म्हटलं की पहिली चौकशी ब्रोकरेजची होते. ब्रोकरेज बहुतेक ठिकाणी किरकोळच असतं. खरा पैसा जातो डॉलर पाठवताना आणि डिव्हिडंड हाती येताना. म्हणून दोन वाटा शेजारी ठेवून बघू: बँकेतून डॉलर पाठवून स्वतःच्या खात्यात शेअर घेणं, किंवा अमेरिकी इंडेक्समध्ये पैसे लावणारा इथला म्युच्युअल फंड.

आधी पाठवणीचा खर्च. समजा बर्डीवरची तुमची बँक दर वेळी हजार रुपये घेते आणि तुम्हाला वर्षाला १,२०,००० रुपये गुंतवायचे आहेत. महिन्याला १०,००० पाठवले तर १२,००० रुपये बँकेलाच गेले, म्हणजे गुंतवणुकीचे दहा टक्के. वर्षातून एकदाच पाठवले तर हजारात काम झालं. चलन बदलण्यावरच्या जीएसटीचंही तेच. १०,००० वर किमान ४५ रुपये, बारा वेळा मिळून ५४०. एकरकमी पाठवले तर १९८. त्यात बँकेचा डॉलरचा दर बाजारापेक्षा चढा असतो आणि हा फरक पावतीवर वेगळा दिसत नाही. फॉर्म ए-२ वर, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या अर्जावर, सही करण्याआधी दर विचारा आणि त्या वेळच्या बाजारभावाशी ताडून बघा.

फंडात ही भानगड नाही, छोटी एसआयपीही चालते. फंड चालवण्याच्या खर्चाचं प्रमाण (एक्सपेन्स रेशो) मात्र दरवर्षी कापलं जातं, आणि फंड दुसऱ्या परदेशी फंडात पैसे लावत असेल तर दोन्हीकडचं.

डॉलर पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या कराची, म्हणजे टीसीएसची, धास्ती लोक उगाच घेतात. आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत तो लागतच नाही. वरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के. १२ लाख पाठवले तर ४०,००० कापले जातील, पण रिटर्न भरताना ते तुमच्या करात वळते होतात. तोवर पैसा अडकतो, एवढंच.

नफ्यावरच्या करात दोन्ही वाटा जवळपास सारख्या. अमेरिका आपल्या नफ्यावर कर घेत नाही. भारतात परदेशी शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर १२.५ टक्के, आधी विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. इथल्या फंड ऑफ फंडलाही, म्हणजे दुसऱ्या फंडात पैसे लावणाऱ्या फंडालाही, हाच नियम आहे. इथल्या एक्स्चेंजवर नोंदलेल्या ईटीएफला, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडाला, १२ महिने पुरतात. भारतीय शेअरवरची सव्वा लाखाची सूट यातल्या कशालाच नाही. नफा रुपयांत मोजतात, म्हणजे डॉलर चढल्याने झालेल्या फायद्यावरही कर आहे.

डिव्हिडंडमध्ये मात्र नीट लक्ष घाला. अमेरिकेत २५ टक्के कापूनच पैसे येतात. ३० टक्के स्लॅबवाल्याला सेससकट ३१.२ भरायचे असतात, तो २५ चं क्रेडिट घेऊन, म्हणजे तिकडे कापलेला कर इथल्या करातून वजा करून, उरलेले ६.२ भरतो. पण २० टक्के स्लॅबमधल्या पेन्शनरचा इथला कर २०.८ च होतो, वरचे ४.२ परत मिळत नाहीत. क्रेडिटसाठी वेगळा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. फंडाच्या आत कापलेल्या कराचं क्रेडिट तर तुम्हाला मिळतच नाही.

आता ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही ते. खातेदार गेला आणि अमेरिकी शेअर ६०,००० डॉलरच्या वर असले, तर वरच्या रकमेवर अमेरिकेचा वारसा कर ४० टक्क्यांपर्यंत जातो. इथल्या फंडाच्या युनिटला तो लागू नाही. लंडनच्या बाजारात मिळणाऱ्या, पण आयर्लंडमध्ये नोंदलेल्या ईटीएफनाही नाही, शिवाय त्यांच्या आत अमेरिकी डिव्हिडंडवर १५ टक्केच कापले जातात. लंडनमध्ये ब्रिटिश कंपनीचा शेअर घेताना अर्धा टक्का स्टॅम्प ड्यूटी पडते, या ईटीएफवर ती नसते.

थेट एक शेअर जरी घेतला तरी आयटीआर-१ हा सोपा रिटर्न फॉर्म चालत नाही. रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, म्हणजे शेड्यूल एफएमध्ये, जानेवारी ते डिसेंबरचा हिशोब द्यावा लागतो, म्हणजे सीएची फीही खर्चात धरा.

महिन्याला पाच-दहा हजार टाकणाऱ्याने फंडच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. वर्षाला काही लाख एकदम पाठवता येत असतील आणि ठरावीक कंपन्याच हव्या असतील, तर थेट खातं परवडतं. फंड घेण्याआधी तो नवीन पैसे स्वीकारतोय का ते बघा. परदेशी गुंतवणुकीवर सगळ्या फंडांना मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे आणि २०२२ मध्ये त्यापायी अनेक योजनांनी नवीन पैसे घेणं थांबवलं होतं. ईटीएफ घेत असाल तर भाव एनएव्हीपेक्षा, म्हणजे युनिटच्या खऱ्या मूल्यापेक्षा, किती चढा आहे तेही तपासा. पाच टक्के चढा असेल, तर बँकेचा वाचवलेला खर्च तिथेच गेला.