शार्पी घेऊ की पार? सांगलीकडच्या नव्या लाइटवाल्यासाठी

दिवाळीनंतर तासगाव बाजूचा एक मांडववाला दोन कोटेशनं घेऊन माझ्याकडे आला. एकात सहा शार्पी (बारीक झोताचे फिरते दिवे), एक फॉग मशीन आणि डीएमएक्स १९२ कन्सोल (डीएमएक्स ह्या पद्धतीनं सगळे दिवे एका जागेवरून चालवणारं यंत्र). दुसऱ्यात चोवीस एलईडी पार (डब्यासारखे साधे, न फिरणारे दिवे), चार स्टँड आणि तोच कन्सोल. रकमेत फारसा फरक नव्हता. मांडव, खुर्च्या, साउंड सगळं त्याच्या घरचं. लाइट तेवढी बाहेरून आणावी लागते, आणि चैत्रात जत्रा सुरू झाल्या की लाइटवाला म्हणेल तो भाव. "दादा, ह्यातलं कुठलं घेऊ?" असं त्यानं विचारलं.

मी म्हटलं, आधी कार्यक्रम कुठले करतोस ते सांग. तर ऑर्केस्ट्रा, लावणी, शाळांची गॅदरिंगं, लग्नातली हळद आणि संगीत, वर्षातनं दोन-तीन नाटकं. म्हणजे सगळीकडे माणूस उभा राहून काहीतरी करतो आणि लोक त्याच्या तोंडाकडे बघतात. ह्या एका गोष्टीवर माझं उत्तर ठरलेलं होतं. पण त्याला ते पटवायला संध्याकाळ गेली. तीच संध्याकाळ इथे मांडतो, कारण हा प्रश्न मला मिरज, विटा, जत, कुठूनही येतो.

शार्पी हे खरं तर इटलीच्या क्ले पाकी कंपनीच्या एका मॉडेलचं नाव. २०१० च्या सुमारास ती आली, दिवा अवघा १८९ वॅटचा, पण झोत असा बारीक आणि कडक की सगळ्यांचे डोळे दिपले. आता आपल्याकडे कुठल्याही बीम मूव्हिंग हेडला, म्हणजे अशा फिरत्या दिव्याला, शार्पी म्हणतात, जसं वनस्पती तुपाला डालडा. आपल्याला मिळतात त्या बहुतेक चिनी बनावटीच्या, २३० वॅटच्या, सेव्हन आर जातीच्या दिव्याच्या.

झोत बारीक म्हणजे किती? तीन-चार अंश. वीस फुटांवरून मारला तर स्टेजवर ताटाएवढा ठिपका पडतो. त्यानं गायिकेचा चेहरा उजळत नाही, नुसता भाजतो. शार्पी हवेत रेघ ओढण्यासाठी आहे. आणि रेघ दिसायला हवेत काहीतरी लागतं, धूर, हेझ (पातळ, टिकणारा धूर) नाहीतर धूळ. जत्रेच्या मैदानात पाच हजार माणसं बसली की त्यांच्या पायांची धूळच हेझचं काम करते, फुकटात. (तीच धूळ मग पंख्यात आणि लेन्सवर बसते, तो खर्च वेगळा.) पण पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत, उघड्यावर, वारं सुटलेलं असताना सहा शार्पी लावा; आकाशात काही दिसत नाही आणि पलीकडच्या झाडावर सहा ठिपके फिरत राहतात.

दुसरी गोष्ट कोटेशनमध्ये लिहिलेली नसते. शार्पीचा दिवा डिस्चार्ज जातीचा, म्हणजे आतल्या वायूतून वीज जाऊन पेटणारा. वीज क्षणभर गेली की तो विझतो आणि गरम असताना परत पेटत नाही. थंड व्हायला काही मिनिटं द्यावी लागतात. खानापूर तालुक्यातल्या एका गावात ऑर्केस्ट्रा ऐन रंगात असताना लाइन गेली आणि जनरेटरवर बदल झाला. सहाच्या सहा शार्पी काळ्या. गायक उभा, वाजवणारे उभे, तीन-चार हजार लोकांच्या शिट्ट्या. त्या रात्री स्टेजच्या दोन्ही बाजूंना मी नेलेले चार जुने हॅलोजन पार होते. वीज येताच ते पेटले आणि कार्यक्रम पुढे सरकला. तेव्हापासून माझी एक सवय झाली: शार्पी लावायची तर पहिल्यापासून जनरेटरवर, महावितरणच्या भरवशावर नाही.

आता पार. ह्यातही दोन पिढ्या आहेत आणि दोन्हींची तुलना करायलाच हवी, कारण जुन्या बाजारात हॅलोजन पार स्वस्तात मिळतात आणि मोह होतो.

हॅलोजनचा पार ६४ म्हणजे एका डब्याला १००० वॅट. बारा लावले की बारा हजार वॅट, २३० व्होल्टला ५२ अँपिअर. एवढा भार गावातल्या समाजमंदिराच्या मीटरवर टाकायचा विचारही करू नका. वर डिमर रॅक (उजेड कमी-जास्त करणारी पेटी) लागतो, जाड केबल लागते, रंगासाठी जिलेटिन (दिव्यासमोर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लागतं आणि लाल-निळं जिलेटिन महिन्याभरात करपून पांढरं पडतं. डिमरची गुणगुण साउंडच्या केबलमध्ये शिरते. साउंडवाला आपल्याला शिव्या देतो आणि त्याचं बरोबर असतं. ह्याउलट ५४ गुणिले ३ वॅटचा, म्हणजे ३ वॅटचे ५४ दाणे असलेला, एलईडी पार कागदावर १६२ वॅटचा. असे बारा लावले तरी नऊ अँपिअरच्या आतबाहेर, म्हणजे १५ अँपिअरच्या एका सॉकेटवर भागतं. डिझेलमधला फरकच एका हंगामात डोळ्यांत भरतो.

मग हॅलोजन का ठेवायचे? कातडीसाठी. हॅलोजनच्या उजेडात हळद लावलेली नवरी हळदीची दिसते, गायकाच्या कपाळावरचं कुंकू कुंकवाचं दिसतं. स्वस्त एलईडीतला पांढरा हा लाल, हिरवा, निळा मिसळून केलेला पांढरा असतो. त्यात माणूस आजारी दिसतो. शिवाय हॅलोजन मंद करत नेला की तांबूस होत जातो, विझत आलेल्या समईसारखा. नाटकातला संध्याकाळचा प्रवेश त्या तांबूसपणावर उभा राहतो. एलईडी मंद केला तर रंग तोच राहतो आणि शेवटी पायरी उतरल्यासारखा धक्का देऊन विझतो. साध्या डीएमएक्समध्ये मंद ते प्रखर अशा २५६ पायऱ्याच असतात आणि तळाच्या चार-पाच पायऱ्या डोळ्याला दिसतात.

एलईडीतही सगळे पार एक नाहीत. ५४ गुणिले ३ मध्ये लाल, हिरवे, निळे दाणे वेगवेगळे बसवलेले असतात, त्यामुळे हाताच्या सावलीला तीन रंगांच्या कडा येतात. लावणीत हात आणि बोटंच बोलतात, तिथे हे फार खुपतं. १८ गुणिले १० किंवा १२ वॅटच्या पारमध्ये एकाच भिंगाखाली चारही रंग असतात. सावली स्वच्छ पडते. आणि चेहऱ्यासाठी सगळ्यात बरा म्हणजे वॉर्म व्हाइट कॉब (पिवळसर पांढऱ्या उजेडाचा, एकच मोठा दाणा असलेला एलईडी), २०० वॅटचा. रंग बदलत नाही, नाचत नाही, दुकानात लावून दाखवला तर कुणालाही आवडत नाही. मी मात्र पहिला पैसा त्यात घाला म्हणेन. स्टेजसमोर डाव्या-उजव्या अंगाला दोन स्टँड, प्रत्येकावर दोन-तीन कॉब, उंची अशी की उजेड साधारण ४५ अंशातून तोंडावर यावा. मग मागून रंगाचे पार.

घेण्याआधी एक परीक्षा दुकानातच करा: पार निम्म्यावर आणा आणि मोबाइलनं व्हिडिओ काढा. पट्टे सरकताना दिसले तर तो पार लग्नाला चालणार नाही. व्हिडिओवाला दुसऱ्या दिवशी यजमानांना दाखवेल आणि नाव तुमचं जाईल.

ही सांगली आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे मराठी नाटक उभं केलं तेव्हा वीज कुठली, पण उजेड नटाच्या तोंडावर पडला पाहिजे एवढं त्यांनाही कळत होतं. तमाशातल्या काळू-बाळूंचं कवलापूर इथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या वगाला आलेली माणसं त्या दोघांच्या तोंडाकडे बघून हसायची. हे सगळं मी त्या मांडववाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, "दादा, पण पोरं शार्पी आहे का विचारतात." तेही खरं आहे. त्यावर पुढे येतो.

धुराचं आधी उरकतो. फॉग मशीन ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण तापवून ढग फेकतं. स्वस्त, दणदणीत, पण ढग येतो आणि जातो. हेझरचा धूर पातळ, दिसेल न दिसेल असा, आणि बंद सभागृहात बराच वेळ टिकतो. शार्पीची रेघ त्यातच खुलते. उघड्यावर हेझर म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं, तिथे फॉगच. फॉग मशीनच्या तोंडासमोर द्रवाचे थेंब पडतात आणि फळी निसरडी होते. एका गावच्या कार्यक्रमात घुंगरं बांधलेली बाई त्यावरून घसरताना मी पाहिली. तेव्हापासून मशीन विंगेत आणि खाली पोतं. नाट्यगृहात करणार असाल तर धुरानं वाजणारी घंटा आहे का, हे व्यवस्थापकांना आदल्या दिवशी विचारा.

लग्नात जमिनीलगत वाहणारा ढग हवा असतो, तो वेगळा. त्यासाठी मशीनमध्ये कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, गरम पाण्यात सोडतात. तो उणे ७८ अंशांचा असतो. उघड्या हातानं धरला तर कातडी जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर डबा फुटतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खाली साचतो. स्टेजसमोर खड्ड्यात वादक बसले असतील किंवा लहान मुलं खाली बसली असतील तर नको. हे मशीन विकत घेऊ नका. बर्फ साठवून राहत नाही आणि आपल्याकडे लग्नतिथी सोडून त्याला काम नाही.

ठिणग्यांचं मशीन, ज्याला सगळे कोल्ड पायरो म्हणतात, त्याच्या नावातला 'कोल्ड' मनावर घेऊ नका. टायटॅनियमसारख्या धातूची पूड तापवून उडवतात. फटाक्याची दारू त्यात नाही, वरच्या ठिणग्या लवकर निवतात हे खरं. पण मशीनच्या तोंडाशी चांगलीच आग असते, आणि धातूच्या पुडीनं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. आपला मांडव म्हणजे कापड, थर्माकोल, प्लॅस्टिकची फुलं. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका क्लबात स्टेजवरच्या आतषबाजीनं भिंतीचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. ती दारूची आतषबाजी होती, मान्य. पण कमानीला लागून मशीन ठेवणाऱ्या पोराला मी हेच सांगतो. पूड दमट झाली की मशीन नीट उडवत नाही, ते निराळंच.

तेवढाच दणका हवा असेल तर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) जेट बरा. पांढरा फवारा उठतो आणि दोन सेकंदांत नाहीसा होतो. आग नाही, कचरा नाही. खर्च सिलिंडरचा, आणि सिलिंडर आत नळी असलेला व उभा बांधलेला पाहिजे. पेपर ब्लास्ट सगळ्यात स्वस्त, मात्र चंदेरी पन्नीचा कागद गावात तारांखाली उडवू नका आणि झाडायला माणूस कोण, ते आधी ठरवा. लेझरबद्दल एकच वाक्य: गणेशोत्सवात अनेक जिल्ह्यांत त्यावर बंदीचे आदेश निघाले आहेत, डोळ्याचा पडदा जळतो आणि कॅमेऱ्याचा सेन्सरही, तेव्हा त्यात पैसे घालू नका.

आता विकत की भाड्यानं. माझा हिशेब साधा आहे. जे प्रत्येक कार्यक्रमाला लागतं ते आपलं. जे चार कार्यक्रमांतून एकदा लागतं ते सांगली-कोल्हापूरहून भाड्यानं. चेहऱ्याची लाइट, रंगाचे पार, स्टँड, केबल, कन्सोल आपले. हेझर, ठिणग्या, जेट भाड्याचे, आणि ते चालवणारा माणूसही त्यांचाच. एका नव्या शार्पीच्या पैशात साधे पार पाच-सहा तरी येतात. शिवाय तिचा दिवा साधारण दोन हजार तासांत बदलायला येतो, आणि जुनी शार्पी घेताना तिचं तासांचं मीटर कुणी मागे फिरवलं नाही ह्याची खात्री नसते.

केबलवर मात्र कंजुषी नको. माईकची केबल डीएमएक्सला लावली तर आठ पार चालतात आणि नववा नाचायला लागतो. डीएमएक्सची केबल वेगळी मिळते, ती घ्या. एका लाइनवर ३२ पेक्षा जास्त उपकरणं नकोत आणि शेवटच्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचा रेझिस्टर). अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. आणि वैशाखातला वळीव लक्षात ठेवा. आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा आकडा; आयपी २० लिहिलेला पार पाण्याचा एक थेंब सोसत नाही. आयपी ६५ चा महाग, पण समोरच्या उघड्या स्टँडवर तोच पाहिजे. छताखाली साधे चालतात.

त्या मांडववाल्यानं शेवटी दोन्ही कोटेशनं बाजूला ठेवली. सहा कॉब, बारा १८ गुणिले १२ चे पार आणि चांगली केबल घेतली. उरलेल्या पैशात दोन शार्पी घेतल्याच. चैत्रात त्याच्या गावच्या जत्रेला गेलो तर त्या दोन्ही स्टेजच्या मागे, सरळ वर आकाशाकडे लावलेल्या होत्या; तीन मैलांवरून दिसत होत्या आणि पोरं त्या बघून येत होती. गायिकेच्या तोंडावर कॉब होते.