हजार-दीड हजारात कोणती वाइन घ्यावी: नाशिक, अकलूज की परदेशी?

पुण्यातल्या वाइन शॉपमध्ये हजार-दीड हजार घेऊन गेलात तर समोर तीन पर्याय असतात: नाशिकची, अकलूजची, किंवा परदेशी लेबलांतली सगळ्यात स्वस्त. पांढरी हवी असेल तर नाशिकची डोळे झाकून घ्या. लाल हवी असेल तर जरा थांबा, त्यात विचार करण्यासारखं आहे. स्वस्तातली परदेशी मात्र मी सुचवणार नाही.

त्यामागे चवीपेक्षा हिशोब आहे. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क बसत आलंय. म्हणजे बंदरावर चारशेला उतरलेली बाटली शुल्क भरताच हजाराची होते. पुढे राज्याचे कर, आयातदार आणि दुकानदार आहेतच. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला आणि तिथल्या वाइनवरचं शुल्क उतरलं खरं, पण बाटलीची आयात किंमत निदान ५ डॉलर असेल तरच. अगदी तळाच्या बाटल्यांच्या वाट्याला ही कपात येत नाही. उलट महाराष्ट्राने २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणात इथल्या द्राक्षांच्या वाइनला अबकारी करात सवलत दिली. त्यामुळे त्याच पैशांत इथल्या बाटलीत जास्त पैसे वाइनवर खर्च झालेले असतात, करावर कमी.

आता पांढरी. नाशिकमध्ये दोन द्राक्षं धरून चाला, शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ. दोन्ही मूळची फ्रान्सची, पण स्वभाव वेगळे. शेनिन मवाळ. पिकलेल्या पेरूसारखा वास आणि बऱ्याचदा किंचित गोडवा. नाशिकच्या सुला कंपनीची शेनिन त्या गोडव्याकडे झुकते, अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची जास्त कोरडी, म्हणजे कमी गोड. पहिल्यांदाच वाइन पिणाऱ्यांना आणि तिखट जेवणाबरोबर शेनिन जुळते, कारण थोडी साखर असली की मिरचीची धार कमी होते. सोव्हिन्याँ मात्र आंबट, हिरवी, चिरलेल्या ढोबळी मिरचीच्या वासाची. ज्यांना लिंबूसरबत कमी साखरेचं आवडतं, त्यांनी ही घ्यावी. तळलेली सुरमई किंवा कोथिंबीर वडी समोर असेल तर माझं मत सोव्हिन्याँलाच.

पण द्राक्षाच्या नावाइतकंच लेबलावरचं वर्ष महत्त्वाचं. नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च होते, आणि या किमतीतली पांढरी ताजी असतानाच चांगली लागते. दोन वर्षांहून जुनी असेल तर परत फळीवर ठेवा, दुकानदाराने कितीही ‘जुनी म्हणजे भारी’ म्हटलं तरी. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटलीही नको. बूच वर आलंय का, आवरणाखाली चिकट ओघळ आहे का, एवढं बघाच. तसं दिसलं तर ती बाटली उन्हाळ्यात तापलेली आहे. फिरकीचं झाकण असलेल्या बाटलीत बुचाची ही भानगड नाही, आणि ते झाकण म्हणजे हलका माल असंही काही नाही.

लालमध्ये खरी निवड आहे. शिराझ आणि कॅबरने ही लाल वाइनची द्राक्षं. नाशिकची शिराझ किंवा दोन्ही मिसळलेली कॅबरने-शिराझ भरदार, काळपट, मिरीच्या वासाची. चांगली निघाली तर झकास. पण स्वस्त बाटल्यांत कधी जळकट धूर, कधी मुरंब्याइतकी पिकलेली चव येते. अकलूजच्या फ्रातेल्लीची सँजोवेझे हलक्या अंगाची आणि आंबटसर. हे इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष, तिथली कियांती नावाची लाल वाइन मुख्यतः त्याचीच. सोलापूर जिल्ह्यात ते रुजवलं इटलीचे सेक्की बंधू, अकलूजचे मोहिते-पाटील आणि दिल्लीच्या सेखरी बंधूंच्या भागीदारीने. टोमॅटोच्या रश्शाबरोबर ती सहज जाते, कारण आंबटाला आंबट झेपतं. शिराझमधला तुरटपणा आणि अल्कोहोल मात्र तिखट आणखी भडकवतात. तांबडा रस्सा असेल तर शिराझ नकोच. सुकं मटण किंवा तंदुरी असेल तर चालेल. एकच लाल घरात ठेवायची म्हटलं तर मी अकलूजची ठेवेन. फ्रातेल्लीचीच ‘सेत्ते’ ही वरच्या दर्जाची लाल, तिची किंमत या हिशोबात बसत नाही.

बंगळूरजवळच्या नंदी हिल्समधून आलेली ग्रोव्हर कंपनीची ‘ला रिझर्व्ह’ ही कॅबरने-शिराझ बहुतेकांना आवडते, पण इथे तिच्यासाठी जास्त मोजावे लागतात. कुणाला भेट द्यायची असेल तर तिचा विचार करा.

तरी परदेशीच हवी असेल तर बजेट अडीच हजारांच्या पुढे न्या आणि चिलीची कारमेनेर किंवा अर्जेंटिनाची माल्बेक, या लाल वाइन बघा. याच पैशांत फ्रान्समधल्या बोर्दोचं नाव घेऊ नका. तिथे तळाच्या बाटलीत तुम्ही वाइनपेक्षा लेबलावरच्या पत्त्याचे पैसे देता.

‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एप्रिलमध्ये खोली पस्तीसला असते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढा, शिराझची निम्मी तक्रार तिथेच मिटते. पांढरी मात्र पुरती गार हवी.

दोघंच पिणार असाल तर ३७५ मिलीची अर्धी बाटली बघा. मिलीमागे महाग पडते, पण उघडलेली मोठी बाटली चार दिवस फ्रिजच्या दारात राहून आंबते, त्यापेक्षा ती परवडते. चौघं असाल तर शिराझ आणि सँजोवेझे दोन्ही घ्या आणि ताटात काय येतंय ते बघून उघडा.