गिटचे टॅग आणि गिटी: आंबा सीझनभर वापरल्यावर

रत्नागिरीत आमचं छोटं ऑफिस आहे, आंबा पॅकहाऊस आणि काजू फॅक्टऱ्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देतो. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, त्यातली एक नोंद म्हणजे कमिट, आणि एखाद्या कमिटला दिलेलं नाव म्हणजे टॅग. दर महिन्याला माणशी पैसे मोजणं मला पटत नाही म्हणून ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर गिटी (Gitea, गिटचा कोड आपल्याच मशीनवर ठेवणारा सर्व्हर) टाकलं, फुकट आहे, रॅम फारशी खात नाही, इन्व्हर्टरवर आरामात चालतं. पावसात लाईट गेली, नेट गेलं तरी लॅपटॉपवर कमिट, टॅग, जुनी हिस्टरी सगळं चालू. आधी सबव्हर्जन हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर होतं, त्यात सर्व्हर गाठल्याशिवाय कमिटच होत नाही, जुलैत इकडे ते कसं जमणार!

पण खरं लिहायचंय ते गिट डिस्क्राइबबद्दल, म्हणजे आत्ताचा कोड कोणत्या टॅगच्या किती पुढे आहे ते सांगणाऱ्या कमांडबद्दल. लोक टॅग मारतात आणि विसरतात. आम्ही बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम) करताना ही कमांड डर्टी ऑप्शन लावून चालवतो आणि जे उत्तर येतं ते गिऱ्हाइकाच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापतो. बरोबर टॅगवरचं बिल्ड असेल तर नुसतं २.३ येतं, पुढे ७ कमिट झाले असतील तर २.३-७ आणि मागे कमिटचा छोटा हॅश (ओळखक्रमांक), आणि कमिट न केलेले बदल आत असतील तर शेवटी 'डर्टी'.

ऐन एप्रिलात पावस गावच्या एका पॅकहाऊसमधून फोन, डझनाचा हिशोब चुकतोय आणि वाशीची गाडी भरून उभी आहे. म्हटलं दादा, बिलाची शेवटची ओळ वाचा. शेवटी डर्टी! इन्स्टॉलेशनसाठी बाहेरून घेतलेल्या माणसाने आपल्या लॅपटॉपवर परस्पर कोड बदलून तेच टाकलं होतं. तो भांडायला लागला की तुमचाच कोड आहे, पण बिलावर छापलेलं कोण नाकारणार? २.३ चं बिल्ड परत टाकलं, हिशोब जुळला, गाडी निघाली. त्या दिवशी मी हे फीचर डोक्यावर घेतलं.

आता राग. नुसतं गिट पुश केलं, म्हणजे लॅपटॉपवरचे कमिट सर्व्हरवर पाठवले, की टॅग सोबत जात नाहीत. का?? पुश डॉट फॉलोटॅग्स हे सेटिंग ट्रू करून ठेवा, तेही फक्त अ‍ॅनोटेटेड टॅगच, म्हणजे माहिती जोडलेलेच, नेतं. साधा टॅग तसाच मागे राहतो, आणि डिस्क्राइबसुद्धा आपणहून त्याला मोजत नाही. म्हणून टॅग मारताना ए (-a) हा ऑप्शन लावायचाच, कोणी मारला, कधी, कशासाठी हे सगळं त्यात राहतं. शिवाय फोर्स करून कोणीही टॅग दुसऱ्या कमिटवर सरकवू शकतो, मग ती कसली बेसलाइन, म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेली पक्की आवृत्ती? गिटीमध्ये टॅग प्रोटेक्ट करता येतात, आम्ही तो हक्क एकीलाच दिलाय, आमच्या टेस्टिंगवाल्या ताईंना.

सुरुवातीला माझं मत होतं की टॅग मारला म्हणजे बेसलाइन झाली. मे महिन्यात ते बदललं. एका काजू फॅक्टरीला मागच्या व्हर्जनवर न्यायचं होतं, कोड लगेच मागे आला पण डेटाबेसमधला नवा कॉलम तसाच, प्रिंटरचं सेटिंग नवीन, आणि मालक म्हणतात ग्रेडप्रमाणे दर आधीच ठरले होते. म्हणजे बेसलाइनमध्ये कोडसोबत टेबल बदलायच्या स्क्रिप्ट, सेटिंगची फाईल (पासवर्ड सोडून) आणि गिऱ्हाइकाने मान्य केलेल्या मागण्यांचा कागद, हे सगळं एकाच टॅगखाली हवं. तेव्हापासून तो कागद रिपॉझिटरीतच (कोडच्या साठ्यातच) असतो, आणि त्यात बदल हवा असेल तर मालकांचा होकार आल्याशिवाय पुढचा टॅग पडत नाही. गिट हे आपोआप करत नाही, तुम्हालाच ठरवावं लागतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या पुशसाठी कापला. गुढीपाडव्यानंतर पॅकहाऊसवाल्यांना नवीन फीचर द्यायचं नाही, फक्त दुरुस्ती, आणि तीही सीझनच्या टॅगवरून काढलेल्या ब्रँचवरच (कोडच्या वेगळ्या फांदीवरच), हे पुढच्या वर्षीच्या करारात आत्ताच लिहून घेतलंय.